खुशालरावांची मड्डम

टाकळीच्या घाटावर खोडातून कोरलेले डोंगे लागत, आणि तिथे एक रीत होती. ज्याचा डोंगा असेल त्याने डोंग्यावर बसायचं, ज्याचा नसेल त्याने पायरीवर. मग तो गावचा पाटील असो की कुणाचा जावई असो. ही रीत कुणी घालून दिली नव्हती, आणि ती मोडली म्हणून कुणाला कधी हटकल्याचंही ऐकिवात नव्हतं. पायरीवरून उठावं आणि उगाच दुसऱ्याच्या डोंग्यात जाऊन टेकावं, असं तिथे कुणाच्या मनातच येत नसे. खुशालरावांच्या मात्र रोज येई.

खुशालराव टाकळीतले चांगले तालेवार शेतकरी. काळ्याभोर जमिनीचा सलग तुकडा, दारात दोन बैलजोड्या, आणि कपाशी अशी की अकोल्याचे व्यापारी त्यांना नावानिशी ओळखत. घरात मैनाबाईंसारखी बोलकी बायको होती, तिच्यामुळे घर कधी सुनं वाटायचं नाही. अशा माणसाला कमी ते काय असणार? पण होतं. पूर्णेच्या त्या घाटावर सात डोंगे होते आणि त्यांतला एकही खुशालरावांचा नव्हता.

आमच्या त्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारट. भाजीपाला व्हायचा तो नदीकाठच्या गाळात, आणि तो गाळ पिढ्यान् पिढ्या माळ्यांच्या सात घरांनी धरून ठेवलेला. वांगी, मिरची, मेथी, झेंडूची फुलं असा सगळा माल डोंग्यातून पलीकडे जाई आणि तिथून बैलबंडीने दर्यापूरच्या बाजाराला. संध्याकाळी बाजारकरी परतले की सातही डोंगे घाटाशी एकाला एक लावून बांधायचे, आणि मग या डोंग्यातून त्या डोंग्यात पाय टाकत जो तो हवा तिथे जाऊन बसे. कुणी शेंगा भाजी, कुणी तंबाखू मळी, आणि दिवसभराच्या साऱ्या लबाड्या, फजित्या आणि थापा तिथे बाहेर पडत.

पायरीवर बसणाऱ्याची गोची अशी की, गोष्ट सुरू व्हायची डोंग्यावर हळू आवाजात, मधे खळखळायचं पाणी, आणि पायरीपर्यंत पोचायचा तो फक्त शेवटचा हशा. खुशालराव मान उंच करून विचारत, "काय झालं गा?" त्यावर कुणीतरी अदबीने सांगे, "काई नाई जी, असंच." अशी किती वर्षं त्यांनी नुसतं हसणं ऐकून काढली. एकही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत ऐकायला मिळाली नाही.

डोंग्यांना नावं होती. गोवर्धनचा डोंगा पाण्यात जागचा हलत नसे, म्हणून तो रेडा. भगवंतचा डाव्या अंगाला कलता, म्हणून तो लंगडा. माणिकबाईचा डोंगा सगळ्यांत जुना. तिच्या नवऱ्याने मळ्यातलंच आंब्याचं झाड पाडून स्वतः कोरलेला. त्याला सगळे थोरला म्हणत. माणिकबाई विधवा, साठीच्या पुढची, तोंडात सदा तंबाखूची चिमूट. वल्हं तिच्याइतकं नेटकं कुणाला मारता येत नसे, आणि घाटावर तिचा शब्द खाली पडत नसे.

तर खुशालरावांनी मनाशी घेतलं की आपलाही डोंगा पाहिजे. पण कोरण्याजोगतं झाड सापडेना, आणि सापडलं तर विकायला कुणी तयार होईना. अशात मृगाच्या सुमारास ते कामासाठी अमरावतीला गेले. राजापेठेत त्यांचे साडू रामराव राहत. रामरावांनी पाहुण्याला हवा खायला म्हणून वडाळी तलावावर नेलं, आणि तिथे खुशालरावांना ती दिसली. फळ्यांची, गोल पोटाची, पांढरीशुभ्र, अंगावर हिरवा पट्टा, बसायला पाठ टेकायची सोय असलेली होडी. कुणा इंजिनियर साहेबाची होती. साहेबाची बदली झालेली आणि होडी विकायला ठेवलेली. रामराव म्हणाले, "भाऊ, हे घेऊन करान काय?" खुशालराव त्या हिरव्या पट्ट्यावरून हात फिरवत राहिले, ते पाहून रामरावांनी हात टेकले.

होडी बंडीवर चढवून टाकळीपर्यंत आणली. वाटेत गावोगावची माणसं रस्त्यावर येऊन उभी. एका गावात लोकांना वाटलं ही पाण्याची टाकी आहे. दुसऱ्या गावात एका म्हातारीने पालखी समजून बंडीपुढे पाणी ओतलं आणि खुशालरावांच्याच पाया पडली. त्यांनीही तिला आशीर्वाद देऊन टाकला. दारात होडी उभी राहिली तेव्हा मैनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नदीले पानी राह्यते सहा महिने, आन तुमचं खूळ बारा महिने." पण नारळ त्यांनीच काढून दिला.

घाटावर मोठं स्वागत झालं. माणिकबाईने होडीच्या नाकाला कुंकू लावलं. गोवर्धन चारही बाजूंनी फिरून आला नि म्हणाला, "लय देखनी हाये जी मालक. अशी आपल्या जिल्ह्यात नसन." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग बांधायची कुठे, हा प्रश्न आला. डोंगे एकमेकांवर आपटत, घासत. नव्या रंगाला ओरखडा पडायला नको, म्हणून सगळ्यांनी विचार करून होडी अगदी टोकाला, बाभळीच्या मुळीला बांधायचं ठरवलं. खुशालरावांना तेव्हा ते रास्तच वाटलं.

पहिल्या संध्याकाळी ते धुतलेलं धोतर नेसून होडीत जाऊन बसले. पाठ टेकली. इकडे डोंग्यांवर गोष्ट रंगली आणि हशा पिकला. खुशालरावांना गोष्ट तर ऐकू आलीच नाही, हशाही नीट ऐकू आला नाही. पायरीवर निदान न्हावी आणि शाळेचे गुरुजी तरी सोबतीला असत. इथे एकटी बाभूळ.

यात त्यांची स्वतःची चूक नव्हती असं नाही. होडीत चढायच्या जागी त्यांनी गोणपाट अंथरून ठेवलं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात भगवंत चिखलाच्या पायांनी येऊ लागला तेव्हा ते नुसते त्या गोणपाटाकडे पाहत राहिले. तोंडाने ब्र काढला नाही, पण भगवंत काय ते समजला. "येतो जी मंग कधी," म्हणाला आणि परत फिरला. त्यानंतर त्या होडीत दुसऱ्या कुणाचा पाय पडला नाही. बाजाराच्या दिवशी खुशालराव आग्रह करत, "टाका ना दोन टोपले माह्या होडीत." तर माणसं लाजून म्हणत, "त्याच्यात वांगे भरता का जी? बरं दिसते का ते?"

आश्विनात एकदा होडी नदीच्या मधोमध वाळूवर चढून बसली. डोंग्याचं बूड सपाट, तो वाळूवरून सुळकन निघून जातो; साहेबाच्या होडीच्या पोटाखाली कणा होता, तो रुतला. खुशालराव वल्ह्याने वाळू खणत बसले. चार डोंगे धावत आले, दोर लावून त्यांनी होडी ओढून काढली, आणि कुणीही हसलं नाही. उलट गोवर्धनने त्यांची समजूत घातली, "होते जी. तिले आपल्या नदीची सवय नाई." त्याच आठवड्यात भगवंत वांग्यांच्या टोपल्यासकट पाण्यात पडला होता. सगळा घाट महिनाभर त्याच्यावर हसला. लहान पोरंसुद्धा त्याला वांगेबुडव्या म्हणू लागली. खुशालराव त्या भगवंताकडे अशा डोळ्यांनी पाहत, जसं उपाशी माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे पाहावं.

एका रात्री जेवताना ते मैनाबाईंना म्हणाले, "माह्यावर कोनी हासत नाई."

"घरी हासतो ना आमी," मैनाबाई म्हणाल्या आणि त्यांना आणखी भाकर वाढली.

पण नंतर त्यांनाही वाईट वाटलं असावं. कारण हात धुताना त्या म्हणाल्या, "तुमी त्यायले एकदा साफ सांगून टाका ना, का बावा, मले आपल्यातला समजा." खुशालरावांनी मान हलवली. असं कुठे सांगता येतं? सांगून मिळालेलं ते कसलं आपलेपण? दसरा गेला, दिवाळी गेली, हुरड्याचे दिवस आले नि गेले. डोंग्यांवरच्या माणसांचं "मालक" आणि "जी" काही सुटलं नाही, आणि खुशालरावांच्या होडीला कुणी नाव ठेवलं नाही. ते मनातल्या मनात तिच्यासाठी नावं शोधून पाहत, पण स्वतःच ठेवलेल्या नावात काही राम नव्हता.

चैत्र आला. नदी आटून घाटाखालच्या डोहापुरती उरली. या दिवसांत डोंगे डोहात बुडवून ठेवतात हे खुशालरावांना माहीत होतं. वऱ्हाडचं ऊन लाकडाला सोडत नाही. वर राहिलेला डोंगा वैशाखात उलतो, त्याला चिरा जातात. गोटे भरून तळाला बसवला की मृगापर्यंत लाकूड शाबूत. मात्र हे काम डोंगेवालेच आपसांत करत, भर दुपारी, बाहेरचं कुणी नसताना, आणि त्याबद्दल फारसं बोलत नसत. आपल्या होडीला तसलं काही करायचं खुशालरावांच्या स्वप्नातही नव्हतं. रंगीत होडी कुणी बुडवतं का? त्यांनी मळ्याच्या आंब्याखाली तिच्यासाठी तुराट्यांचा मांडव घालायला काढला होता. तो अर्धा झाला, तोच रामरावांच्या मुलीचं लग्न आलं आणि नवराबायको अमरावतीला गेले.

लग्न झालं, जेवणावळी झाल्या. मैनाबाई बहिणीकडे आणखी थोडे दिवस थांबल्या आणि खुशालराव एकटेच सर्व्हिस मोटारीने दर्यापूरला, तिथून बंडीने नदीपर्यंत आले. मैनाबाई सोबत असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं.

दुपारची वेळ. घाटावर चिटपाखरू नव्हतं. नदीच्या उतारावरून घोटाभर पाण्यातून चालत येताना त्यांनी पाहिलं, तर बाभळीच्या मुळीशी काहीच नाही. दोरसुद्धा नाही.  बाकीचे डोंगेही नव्हते, ते बुडवले असणार हे उघड होतं. फक्त माणिकबाईचा थोरला तेवढा अर्धा पाण्यात, अर्धा वाळूवर, खुंट्याला बांधलेला. मग त्यांची नजर डोहात गेली. पाणी नितळ होतं. तळाला पांढरं काहीतरी दिसत होतं, आणि त्या पांढऱ्यावर एक हिरवा पट्टा.

खुशालरावांचं डोकं फिरलं. वर्षभर तोंडावर गोड बोलले, देखनी म्हणाले, आणि माझी पाठ वळताच हिला बुडवली. माझ्या होडीचा मत्सर वाटत होता तो असा काढला. आणि म्हातारी किती पक्की, आपला डोंगा तेवढा सुखरूप वर ठेवला. राग तर होताच, पण रागाहून मोठं दुःख होतं. ज्या माणसांत बसावं म्हणून सगळा खटाटोप केला, त्यांच्या मनात आपल्याविषयी हे होतं. ते गावात गेलेच नाहीत. त्याच बंडीने उलटे दर्यापूरला गेले, ठाण्यात फिर्याद दिली आणि रात्र तिथेच काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार सायकलवर आला. अंगाने जाड, उन्हाने त्रासलेला, बोलणं निम्मं हिंदीत. घाटावर सातही घरची माणसं बोलावली. खुशालराव बाजूला, छत्री उघडून, कुणाच्या डोळ्याला डोळा न देता उभे राहिले. माणसांना मात्र त्यांना पाहून आनंद झालेला दिसत होता. "केव्हा आला गा? लगन झालं का चांगलं?" गोवर्धनने विचारलं. खुशालरावांनी छत्री त्या बाजूला कलती केली.

जमादाराने डोहाकडे बोट केलं. "ये नाव किसने डुबाई? सच सच बोलो."

गोवर्धन म्हणाला, "आमीच जी."

"आमी म्हणजे कौन?"

"सगळ्यायनं. मीनं गोटे भरले."

"आन मीनं मागून रेटा देला," दुसरा म्हणाला. तिसऱ्याने सांगितलं, दोर आपण धरला होता. भगवंत सर्वांत पुढे येऊन म्हणाला, "रंग खरचटू नाई म्हून एकएक गोटा गोनपाटात गुंडाळला साहेब. गोनपाट माह्या घरचं. वल्हे आन बसाचं फळकुट पयलेच काढून घेतलं, तेल लावून ठेवलं हाये माणिकबाईच्या घरी."

जमादाराने आयुष्यात पुष्कळ कबुलीजबाब घेतले असतील, पण इतक्या हौसेने दिलेला बहुधा हा पहिलाच. तो खुशालरावांकडे वळला. "चला, काम झालं. सगळे कबूल आहेत."

"कबूल कायचं?" मागून माणिकबाई आली. हातात विळा होता, मळ्यातून सरळ आली होती. "ह्या डोहात सात नावा हायेत. साहा डोंगे आन एक होडी. सहायची फिर्याद काहून नाई लिवत तुमी? ते बी आमीच बुडोले."

"ते तुमचे आहेत, बाई. ही यांची आहे."

"थे बी घाटाचीच हाये," माणिकबाई म्हणाली. मग जमादाराला समजेल अशा बेताने तिने सावकाश सांगितलं. आपली नाव आपल्या हाताने कुणी बुडवत नाही. ज्या हाताने ती पाण्यावर आणली त्याच हाताने तळाला घालू नये. म्हणून ती बाकीच्यांनी बुडवायची, आणि मालकाने तोवर नदीकडे पाठ करून उभं राहायचं. तो गावाला गेलेला असला तर उलट बरंच, त्याच्या जिवाला त्रास नाही. "आन परक्याच्या नावेले आमी हात बी लावत नाई साहेब. पाहुना आज हाये, उद्या नाई. त्याची नाव सुकली त आमाले काय? पन हा गडी एक साल घाटावर राह्यला. एक साल पाहुनपन असते. तवरोक त्याले मालक म्हनाचं, जी म्हनाचं, त्याच्यावर हासाचं नाई. साल भरलं का मंग घाटाचा. घाटाचं साल मृगात लागते आन चैतात भरते. ह्या चैतात त्याचं भरलं."

 खुशालरावांच्या हातातली छत्री हळूहळू खाली आली. वर्षभर ऐकलेला प्रत्येक "जी" त्यांना आठवला, वाळूवर रुतले तेव्हाचे ते न हसलेले चेहरे आठवले. आपल्याला कुणी दूर ठेवलं नव्हतं. आपलं वर्ष भरण्याची ही सगळी माणसं वाट पाहत होती. आणि ते भरलं त्या दिवशी आपण पोलीस घेऊन आलो. त्यांना इतकी शरम वाटली की डोहात उडी घ्यावी, तर तिथेही त्यांचीच होडी होती.

काहीतरी करायला हवं होतं. ते पुढे झाले आणि घसा साफ करून म्हणाले, "जमादारसाहेब, माही चूक झाली. होडी मीच बुडवली. जाताना बुडवून गेलो आन मंग विसरलो."

"खोटं," माणिकबाई कडाडली. "आपली नाव आपल्या हातानं बुडोली म्हनून सांगतं? लाज नाई वाटत तुले? आताच काय सांगतलं मीनं? बहिरा झाला का रे?"

"पन बाई, मी त्यायले वाचवाले..."

"तुले कोनं सांगतलं वाचवाले? आमी काय चोरी केली? इचारलं असतं त सांगतलं असतं. तोंड होतं ना तुले? का लग्नात लाडूसंग गिळून आला? खुशाल, तुह्यासारखा येडा मानूस मीनं पूर्णेच्या दोन्ही काठाले पाह्यला नाई. तथी मड्डम तळाले झोपून हाये आरामात, आन हा तिच्यासाठी पोलीस घेऊन आला."

"मड्डम कोन?" खुशालरावांनी विचारलं.

आता मात्र भगवंताला राहवलं नाही. तो फिसकन हसला. "तुही होडी रे. वर्सापासून तेच नाव हाये तिचं. गोरी, गोल, आन पाय पुसल्याशिवाय कोनाले आत घेत नाई."

आणि मग सगळा घाट हसला. वर्षभराचं दाबून ठेवलेलं हसू होतं ते, सहजी आटोपणारं नव्हतं. वाळूवर रुतलेल्या मड्डमची गोष्ट निघाली, वल्ह्याने वाळू खणणाऱ्या खुशालची नक्कल गोवर्धनने तिथल्या तिथे करून दाखवली, गोणपाटाची निघाली, बाभळीशी एकट्याने टेकून बसल्याची निघाली. घाटाने साऱ्या गोष्टी किती जपून ठेवल्या होत्या. खुशालराव मधोमध उभे होते आणि प्रत्येक गोष्ट त्यांना पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत ऐकू येत होती. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

जमादार घाम पुसत म्हणाला, "एक सांगा. होडी बुडाली आहे की नाही?"

"बुडाली हाये," खुशालराव म्हणाले.

"फिर्याद आहे की नाही?"

"नाई."

"मग मी इतक्या उन्हात कशासाठी आलो?"

"जेवाले," माणिकबाई म्हणाली. "रोडगे टाकले हायेत आज. वांग्याची भाजी हाये. बसा तथी सावलीत."

जमादाराने क्षणभर विचार केला, सायकल बाभळीला टेकवली आणि सावलीत जाऊन बसला.

खुशालरावही हलक्या मनाने त्याच्यामागे निघाले. माणिकबाईने त्यांना दंडाला धरून थांबवलं. आता तिचा आवाज खाली आला होता.

"थोरला पाह्यला का तूनं, अजून वरच हाये ते?"

"पाह्यला."

"मंग काय समजला?"

खुशालराव काय समजले होते ते त्यांना सांगवेना. त्यांनी मान खाली घातली. माणिकबाईला ते न सांगताच कळलं.

"नव्या मानसानं पयल्या साली घाटावरचा शेवटचा डोंगा बुडवाव लागते," ती म्हणाली. "म्हून ठेवला. आज येते, उद्या येते, असं करत सगळे थांबले. चाल, काढ थो कोट."

खुशालरावांनी कोट काढला, पटका काढून गोवर्धनच्या हातात दिला, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरले. थोरला वाळूवरून रेटून डोहावर नेला. माणसांनी काठावरून गोटे द्यायला सुरुवात केली आणि ते एकेक गोटा आत ठेवू लागले, टाकला असा आवाज होऊ न देता. डोंग्याचं लाकूड वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालं होतं. वल्हं जिथे टेकत असे तिथे खोलगट खळगा पडला होता. पलीकडच्या कडेवरून हात फिरवताना त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं. वाळूवर उन्हात राहिलेल्या अंगाला एक चीर गेली होती. ताजी, वीतभर लांब, आतलं लाकूड पिवळं दिसत होतं.

त्यांचा हात तिथेच राहिला. सगळे डोंगे वेळेवर तळाला गेले होते. त्यांची होडीही गेली होती, गोणपाटात गुंडाळलेल्या गोट्यांसकट. उन्हात राहिला होता तो एवढा एकच, माणिकबाईच्या नवऱ्याने कोरलेला, आणि तो त्यांच्यासाठी राहिला होता. हे तिला रोज दिसत असणार. तरी ती थांबली होती. आणि काल इथेच उभं राहून आपण तिला पक्की म्हातारी म्हटलं, मनात का होईना. खुशालरावांना त्या क्षणी स्वतःचा जेवढा राग आला तेवढा उभ्या जन्मात दुसऱ्या कुणाचा आला नव्हता.

शेजारी उभ्या भगवंताने त्यांची बोटं पाहिली. तो हळूच म्हणाला, "भिजलं का मिटते थे. नको घाबरू."

माणिकबाई काठावर नदीकडे पाठ करून उभी होती. डोक्यावरचा पदर तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. वर्षातून एकदाच ती अशी उभी राहत असे, आणि तेवढा वेळ घाटावर कुणी थट्टा करत नसे. काठापर्यंत गोटे भरले. खुशालरावांनी कड दाबली, पाणी आत शिरलं आणि थोरला हातातून सुटून खाली गेला, त्यांच्या होडीच्या बाजूला जाऊन बसला. बुडबुडे आले आणि थांबले.

"गेला?" माणिकबाईने न वळता विचारलं.

सगळ्यांनी खुशालरावांकडे पाहिलं. उत्तर त्यांनीच द्यायचं होतं. ते छातीभर पाण्यात उभे होते.

"गेला, बाई."

"कोन बोलून राह्यलं?"

"मी. खुशाल."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "ज्यानं गेला म्हनलं, मृगात काढाले त्यानंच याव लागते. ध्यानात ठेवजो."

"येतो," खुशालराव म्हणाले, आणि माणिकबाईने पदर सोडून नदीकडे तोंड केलं.